जुन्या जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलचा आवाज आणि तो शोधून देणारे एक गॅरेज

माझी १९९८ सालची मारुती जिप्सी किंग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून पुढच्या बाजूने आवाज करू लागली होती. गाडी वीसेक किलोमीटरच्या वेगाने चालली की खालून चिमणीसारखे चूं-चूं ऐकू येई, वेग चाळीसच्या पुढे गेला की त्या चिवचिवीची सलग घरघर होई, आणि साठच्या आसपास ती पायाखालच्या पत्र्यातही जाणवू लागे. या आवाजापायी मी आधी पुढचे दोन्ही टायर बदलले, मग शहरातल्या एका गॅरेजमध्ये डाव्या चाकाची बेअरिंगे नवी घालून घेतली, आणि दोन्ही वेळा घरी पोहोचायच्या आतच आवाज जसाच्या तसा परत ऐकला. पिरंगुटच्या बाजूला असलेल्या ज्या छोट्या गॅरेजने अखेर त्याचे मूळ शोधले, त्याच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. मालकांकडे आधीच हाताबाहेर काम असल्याने त्यांनी नाव लिहू नका असे सांगितले. म्हणून येथे त्यांचा उल्लेख सगळे करतात तसा ‘मिस्त्री’ असाच केला आहे.

गाडी दारात उभी राहताच बॉनेट उघडण्याची किंवा जॅक लावण्याची घाई येथे होत नाही. मिस्त्रींनी आधी वाकून दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध असलेल्या हबच्या चकत्या पाहिल्या. त्या दोन्ही ‘लॉक’वर होत्या. सप्टेंबरात मुळशीकडे एका ओढ्यातून गाडी काढण्यासाठी मी त्या फिरवल्या होत्या आणि नंतर चिखलात पुन्हा खाली बसायचा कंटाळा केला होता. “साहेब, हे फ्रीवर केल्यावर आवाज येतो का, हे कोणी पाहिलं होतं का?” असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

जिप्सीचा पुढचा ॲक्सल (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा आडवा आस) अखंड असून त्याच्या दोन टोकांना हाताने फिरवायचे हब असतात. हब ‘फ्री’वर असताना पुढची चाके फक्त स्वतःच्या बेअरिंगांवर फिरतात, ॲक्सलच्या आतले शाफ्ट, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि तेथून ट्रान्सफर केसपर्यंत, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीपर्यंत, जाणारा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हा लांब दांडा हे सगळे स्वस्थ असते. हब ‘लॉक’वर गेले की गाडी टू व्हीलमध्ये असली, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जात असली, तरीही चाके हा सारा लवाजमा आपल्याबरोबर फिरवू लागतात. त्यामुळे ‘फ्री’वर जाणारा आणि ‘लॉक’वर परतणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा, टायरचा किंवा ब्रेकचा नसतो, आणि एकही नट न सोडता निम्मी शंकास्थाने गळतात. आम्ही दोन्ही प्रकारे तोच रस्ता चालवून पाहिला. ‘फ्री’वर गाडी मुकी झाली. बदललेली बेअरिंगे आणि टायर यांचा हिशेब मी मनातल्या मनात केला. तो येथे मांडत नाही.

परत आल्यावर त्यांनी चाकांची तपासणी तरीही केली, कारण त्यांच्या मते जुन्या गाडीला एकच दुखणे असेल असे धरून चालू नये. गाडी जॅकवर उचलून चाक वरून आणि खालून धरून हलवले, तेव्हा डाव्या चाकाला किंचित खेळ (सैलपणा) जाणवला. मग मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगून त्यांनी तेच चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो, कारण कॅलिपरने (ब्रेकच्या पकडीने) हब आणि नकल, म्हणजे चाकाला वळवणारा ॲक्सलच्या टोकाचा भाग, एकत्र आवळले जातात. ब्रेक दाबूनही तो उरला तर किंगपिनकडे, म्हणजे नकल ज्यावर वळते त्या खिळीकडे, पाहायचे. माझ्या गाडीत तो उरला. नकलमागच्या गोळ्याभोवतीचे सीलही फाटले होते आणि तेथून घट्ट ग्रीसऐवजी आमटीसारखे पातळ काहीतरी पाझरत होते. आतले ऑइल सील गेल्यामुळे डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये येऊन ग्रीसमध्ये मिसळले आहे, असे त्यांनी बोट लावून आणि वास घेऊन सांगितले. बेअरिंगे बदलणाऱ्यांना हे दिसले कसे नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

आवाजासाठी मात्र त्यांनी अजूनही काही उघडले नाही. त्यांनी फक्त पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, बोल्ट सोडून शाफ्ट बाजूला ठेवला, आणि हब ‘लॉक’वर ठेवूनच गाडी पुन्हा रस्त्यावर नेली. आता ॲक्सलचे शाफ्ट आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरजोडी) फिरत होते, पण प्रॉपेलर शाफ्ट नव्हता. आणि आवाजही नव्हता. इतकी सोपी वजाबाकी कोणी करून दाखवली की आधी आपलाच राग येतो.

जिप्सीचे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळे बसवलेले असल्यामुळे या गाडीला एकूण तीन प्रॉपेलर शाफ्ट आहेत आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, आहे. मागचा आणि मधला शाफ्ट रोज फिरतात, पुढचा मात्र महिनोन्महिने एकाच जागी थांबलेला असतो. क्रॉसच्या टोप्यांमधल्या सुईसारख्या बारीक रोलरांभोवतीचे ग्रीस वाळते आणि ओढ्याचे पाणी आत शिरले की गंज धरतो. मिस्त्रींनी डिफरन्शियलकडच्या क्रॉसची टोपी काढून वर्तमानपत्रावर उलटी केली, तेव्हा रोलरांऐवजी गेरूसारखी लाल भुकटी आणि मोडक्या काड्यांसारखे चार-पाच तुकडे पडले. क्रॉसच्या दांडीवर रोलरांनी एकाच जागी बसून पाडलेल्या खाचा नखाला लागत होत्या. हळू चालताना येणारे चूं-चूं याच कोरड्या जागेचे होते, आणि वेग वाढल्यावर त्याचीच घरघर होत होती.

दोन्ही क्रॉस बदलण्यात आले. ग्रीस भरण्याची निपल असलेला आणि नसलेला, असे दोन्ही प्रकार त्यांनी समोर ठेवले. मी निपलवाला घेतला. शाफ्ट बसवताना खुणा जुळवल्या आणि दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एकाच रेषेत आहेत ना हे डोळ्यांनी दोनदा पाहिले, कारण ते चुकले तर नव्या क्रॉसनिशी नवा थरथराट सुरू होतो. शेवटी शेजारच्या मोकळ्या मातीच्या प्लॉटवर फोर व्हील घालून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली आणि नकलमधल्या जॉइंटमधून कट-कट येते का ते ऐकले. ही चाचणी त्यांनी डांबरावर करू दिली नाही, आणि ते योग्यच होते: या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण क्रॉस आणि गिअर यांच्यावर येतो.

उणिवाही आहेत. दिलेला दिवस पाळला जाईल अशी अपेक्षा येथे ठेवू नये. मला दोन दिवसांचे पाच दिवस झाले. बसायला जागा नाही, बिल वहीच्या पानावर मिळते, आणि बोल्ट आवळताना टॉर्क पाना न वापरता हाताच्या अंदाजावर विसंबले जाते, हे मला पटले नाही. तपासणीचे सहाशे रुपये कामापासून वेगळे लावले जातात आणि काही जणांना ते खटकते. मला ते रास्त वाटले, कारण ज्या गॅरेजला फक्त सुटे भाग बदलण्याचे पैसे मिळतात, ते भागच बदलत राहणार. दोन्ही क्रॉसची किंमत माझ्या वाया गेलेल्या टायरांच्या पासंगालाही पुरली नसती.

साठच्या वेगात ॲक्सिलरेटर सोडला की पुढून अजून एक बारीक शीळ येते, अर्थात हब ‘लॉक’वर असतील तरच. ती क्राउन-पिनियनची आहे, तेल स्वच्छ आहे आणि पिनियनला खेळ नाही, म्हणून आत्ता उघडू नका, असा मिस्त्रींचा सल्ला आहे. डाव्या बाजूचे आतले ऑइल सील, नकलचे सील आणि किंगपिनच्या शिम (खेळ भरून काढणाऱ्या पातळ चकत्या) यांचे काम दिवाळीनंतर ठरले आहे. तोवर महिन्यातून एकदा हब ‘लॉक’वर करून, टू व्हीलमध्येच, मी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवतो आणि घरी आल्यावर आठवणीने वाकून दोन्ही चकत्या ‘फ्री’वर फिरवतो.