पबपिअर: थिसिसमध्ये रेफरन्स टाकण्याआधी हे एक्स्टेन्शन लावून घ्या

मेडिकलचे पेपर ज्यांना कामासाठी वाचावेच लागतात, म्हणजे एमडी-एमएसचे रेसिडेंट, फार्माकॉलॉजीवाले, पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रवाले, पीएचडी करणारे, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. पबपिअर ही फुकट सर्व्हिस आहे, 2012 पासून चालू आहे आणि तिचं काम साधं आहे, छापून आलेल्या पेपरवर वाचकांनी काय काय आक्षेप घेतलेत ते त्या पेपरच्या नावाखाली एका जागी दाखवायचं. साइटवर जाऊन डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) किंवा पबमेड या मेडिकल पेपरच्या यादीतला नंबर टाकून शोधता येतं, पण एवढं कोण करत बसणार, म्हणून खरा उपयोग ब्राउझर एक्स्टेन्शनचाच. क्रोम नाहीतर फायरफॉक्समध्ये एकदा टाकलं की झालं, नंतर पबमेडवर किंवा जर्नलच्या साइटवर पेपर उघडला आणि त्यावर कुणी काही लिहिलेलं असेल तर पट्टी दिसते, क्लिक केलं की थेट आक्षेप समोर. वाचायला अकाउंटसुद्धा लागत नाही.

आता कुणी म्हणेल की आक्षेप घ्यायला जर्नलमध्ये लेटर टू द एडिटर असतं की. असतं, पण न्यू इंग्लंड जर्नलचं बघा, पेपर आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत पाठवायचं आणि 175 शब्दांत बसवायचं. टेबलं नीट तपासायची, सप्लिमेंट म्हणजे पेपरसोबतची जादा माहिती वाचायची, जमलं तर आकडे पुन्हा मोजायचे, हे सगळं करेपर्यंत मुदत संपते. आणि समजा लेटर छापलं गेलंच, तरी ते पुढच्या कुठल्यातरी अंकात, आणि पेपरची पीडीएफ मात्र व्हॉट्सॲपवर, पेनड्राइव्हवर, सिनियरकडून ज्युनियरकडे तशीच फिरत राहते, तिच्यावर त्या लेटरचा मागमूस नसतो. म्हणजे हरकत घेणारा एकीकडे आणि पेपर वाचणारा दुसरीकडे. पबपिअरने ही दरी बुजवलीय आणि मला त्याचं फार मोल वाटतं, कारण शेवटी हे पेपर वाचूनच कुणीतरी पेशंटला गोळी लिहून देतं.

उदाहरण म्हणून 2006 चा नेचरमधला अल्झायमरवरचा पेपर पबपिअरवर उघडून कमेंटचा सगळा धागा वाचा. पहिलं नाव सिल्व्हेन लेस्ने, सिनियर लेखक कॅरन ॲश, मिनेसोटा युनिव्हर्सिटी. अमायलॉइड बीटा या प्रथिनाचा एक खास प्रकार उंदरांच्या मेंदूत सापडला आणि तो तरुण उंदरांमध्ये टोचला की त्यांची स्मरणशक्ती बिघडते, असा दावा होता. दोन हजारांच्या वर सायटेशन, म्हणजे इतक्या वेळा इतरांनी त्याचा संदर्भ दिला! व्हँडरबिल्टचे न्यूरोलॉजिस्ट मॅथ्यू श्रॅग यांनी त्यातल्या वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं गडद रेघांच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) चित्रांवर शंका घेतली आणि जुलै 2022 मध्ये सायन्स मासिकाने त्यावर मोठा रिपोर्ट छापला. त्या धाग्यात लोकांनी बँड मोठे करून, शेजारी शेजारी ठेवून दाखवलेत, म्हणजे आक्षेप घेणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवायची गरज नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवता येतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की ॲश यांनी स्वतः तिथेच येऊन उत्तरं दिली, मूळ चित्रं टाकली आणि 2024 मध्ये तिथेच लिहिलं की आकृत्यांमध्ये फेरफार झालेत हे स्पष्ट आहे आणि सिनियर लेखक म्हणून अंतिम जबाबदारी माझी. जून 2024 मध्ये पेपर मागे घेतला गेला, लेस्ने सोडून बाकी लेखक त्याला तयार होते. छापल्यापासून अठरा वर्षं. एवढ्या काळात त्यावर किती थिसिस लिहिले गेले असतील, किती ग्रांट गेल्या असतील, विचार करूनच वाईट वाटतं.

चित्रांच्या बाबतीत ही सर्व्हिस जबरदस्त आहे. पेपरमधली चित्रं तपासणाऱ्या एलिझाबेथ बिक यांचं नाव ऐकलं नसेल तर त्यांच्या कमेंट शोधून वाचा, त्या स्वतःच्या नावाने लिहितात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 20,621 पेपर तपासून छापलं होतं की साधारण 3.8 टक्क्यांमध्ये चित्रांचा घोळ आहे. एका चित्रावर बाण काढून ‘हा भाग आणि तो भाग एकच दिसतो’ एवढंच लिहिलेलं असतं, आवाज चढवलेला नसतो. आपल्याकडे जर्नल क्लबमध्ये (जिथे सगळे मिळून एखादा पेपर तपासतात) प्रश्न कसा विचारावा हे शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

पण क्लिनिकल ट्रायलचं तसं नाही, आणि इथे मी मार्क कापते. आकडेवारी, रँडमायझेशन (कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणं), मध्येच बदललेला प्रायमरी आउटकम (ट्रायल मुख्यतः जे मोजणार होती ते) यावरच्या कमेंट चित्रांवरच्या कमेंटच्या मानाने कमीच दिसतात, आणि पेशंटच्या उपचारावर थेट परिणाम करणारे घोळ बरेचदा तिथेच असतात. प्रेडिमेड आठवतंय ना, स्पेनमधली ऑलिव्ह ऑइल आणि सुकामेव्याची मोठी ट्रायल, 7,447 लोक. इंग्लंडचे भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी 2017 मध्ये 5,087 ट्रायलचे सुरुवातीचे आकडे सांख्यिकीने तपासले, ज्यांचे आकडे विचित्र दिसले त्यात ही पण निघाली, मग लेखकांनीच परत खोदून पाहिलं तर एका घरातल्या माणसांना रँडमायझेशन न करता एकच आहार दिलेला, एका ठिकाणी तर अख्ख्या क्लिनिकला एकच. 2018 मध्ये मूळ पेपर मागे घेऊन नव्याने विश्लेषण करून, भाषा सौम्य करून पुन्हा छापला. हे काही चित्रावर बाण काढून सापडणारं नव्हतं.

लॅन्सेटचा हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा पेपर तर आपण सगळ्यांनीच जवळून पाहिलाय, तेव्हा आयसीएमआरच्या सल्ल्याप्रमाणे इथले कितीतरी हेल्थ वर्कर तीच गोळी प्रतिबंधक म्हणून घेत होते. ही गोळी दिलेले कोविडचे पेशंट जास्त दगावतात असं सांगणारा हा पेपर 22 मे 2020 ला छापला, 96,032 पेशंट, 671 हॉस्पिटलं, 25 मे ला डब्ल्यूएचओने स्वतःच्या ट्रायलमधला या गोळीचा भाग थांबवल्याचं सांगितलं. आणि वाचकांनी काय पकडलं तर ऑस्ट्रेलियातले मृत्यू, पेपरमध्ये 21 एप्रिलपर्यंत 73, आणि अख्ख्या देशाचा त्या दिवसापर्यंतचा आकडा 67! शंभराहून जास्त संशोधकांनी सही केलेलं खुलं पत्र गेलं, पेपरला डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने मूळ डेटा स्वतंत्र तपासणीला दिला नाही आणि 4 जूनला पेपर मागे. दोन आठवड्यांत. नेचरच्या अठरा वर्षांशेजारी हे ठेवून बघा, वाचकांनी लगेच आणि उघडपणे विचारलं तर काय होऊ शकतं ते कळेल.

नाव न देता लिहिता येतं यावर खूप जण नाक मुरडतात. मला ते बरोबर वाटतं. ज्युनियर रेसिडेंटने स्वतःच्या नावाने एखाद्या मोठ्या प्रोफेसरच्या पेपरवर बोट ठेवायचं म्हणजे पुढची वाट बंद करून घेणं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पबमेडने स्वतःची कमेंटची सोय 2013 मध्ये काढली होती, पबमेड कॉमन्स, तिथे खरं नाव सक्तीचं होतं, फारसं कुणी लिहिलंच नाही आणि 2018 मध्ये ती बंद झाली. उलट पबपिअरवर लिहिणाऱ्यांची नावं उघड करा म्हणून मिशिगनमध्ये एक कॅन्सर संशोधक कोर्टात गेला तेव्हा 2016 मध्ये अपील कोर्टाने निनावी लिहिणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. शिवाय नियम आहे की कमेंट सगळ्यांना तपासता येईल अशाच माहितीवर हवी, लबाडीचा आरोप करायचा नाही. मुद्दा तपासता येत असेल तर तो कुणी मांडला याने काय फरक पडतो?

आणखी एक खटकतं ते म्हणजे पट्टीवरचा कमेंटचा आकडा काहीच सांगत नाही. चित्राखालच्या ओळीतली किरकोळ चूक आणि बनावट वाटणारा डेटा, दोन्ही एक कमेंट म्हणूनच मोजलं जातं. 2016 मध्ये तर एका सॉफ्टवेअरने मानसशास्त्राच्या जवळपास 50,000 पेपरवर आपोआप रिपोर्ट टाकले होते, त्यात काहीच चूक न सापडलेलेही होते. म्हणून पट्टी दिसली की घाबरून पेपर टाकून देऊ नका, आत जाऊन वाचा. आणि पट्टी नाही म्हणजे पेपर शुद्ध असंही धरू नका, बहुतेक पेपरवर अजून कुणी काही लिहिलेलंच नाही, आपल्याकडच्या जर्नलमधल्या पेपरची तर गोष्टच सोडा.

पाचपैकी चार देते, आणि पाचवा आपण मिळवून द्यायचा आहे असं माझं मत आहे. जर्नल क्लबमध्ये आपण इतकी चिरफाड करतो आणि ती त्या खोलीतच राहते. एका ग्रुपमध्ये 20 पेशंट आहेत आणि 33 टक्के बरे झाले असं टेबलात असेल तर ते जमतच नाही, 6 म्हणजे 30 टक्के आणि 7 म्हणजे 35. हे सापडलं तर टेबल नंबर देऊन, दोन ओळींत, कुणाला दोष न देता तिथे टाका. लेखकांना मेल जातो, उत्तर द्यायची संधी त्यांनाही मिळते, आणि पुढच्या वर्षी तोच पेपर उघडणाऱ्या मुलीला वरती ती पट्टी दिसेल.