चुना की कॉस्टिक? फिटरच्या बाजूने पाहिलं तर

पिकलिंगचं (धातूचा गंज आम्लात बुडवून काढण्याचं) आम्लपाणी न्यूट्रल करायला चुना घ्यावा की कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), याचा निकाल पर्चेसवाले किलोच्या भावावर लावतात. भावात चुना जिंकणारच. वजनातही मागे नाही: ९८ किलो गंधकाम्लाला विरी गेलेला (पाणी मुरवलेला) शुद्ध चुना ७४ किलो पुरतो, कॉस्टिक ८० किलो. पण ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्लँटवर) पाना घेऊन कोण किती वेळ उभा राहणार, हे त्या कोटेशनमध्ये नसतं.

विरी गेलेला चुना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. बाकीचा नुसता तरंगतो आणि अजिटेटर (ढवळणारा पंखा) थांबला की तळाशी बसतो. टाकीत चुना मोजून सोडणाऱ्या डायफ्रॅम पंपाचा व्हॉल्व्ह उघडून बघा. गोळी खडूच्या थरात रुतलेली असते. स्ट्रोकचा टकटक आवाज चालूच, डोसिंग मात्र शून्य! म्हणून चुन्याला पेरिस्टाल्टिक पंप (लवचिक होज दाबत द्रव पुढे ढकलणारा) बरा. त्याची होज झिजते, पण बदलणं सोपं. लाइनला एल्बो कमीत कमी ठेवा आणि पंप थांबवताना साध्या पाण्याने फ्लश करा. पीएच प्रोबवर पांढरा थर चढतो, तो पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून काढा. काचेचा बल्ब घासू नका.

कॉस्टिकची लाइन सहसा चोक होत नाही. त्याचं दुखणं वेगळं. ५० टक्क्यांची लाय १२ अंशांच्या आसपास गोठू लागते. नाशिकच्या थंडीत पहाटे पंप का उचलत नाही, ते इथे कळतं. २० टक्क्यांपर्यंत पातळ करून ठेवली की हा त्रास जातो. पातळ करताना लाय पाण्यात सोडायची, पाणी लायमध्ये नाही. तरी टाकी चांगलीच तापते. गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचं फिटिंग कुठेही नको. ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या सीलमधून) थेंब गळत असेल तर फेसशील्ड घातल्याशिवाय पाना लावायचा नाही.

आणखी एक. चुन्याने पीएच साडेबाराच्या आसपास अडतो, कॉस्टिक १३ च्याही वर नेतं. पाण्यात जस्त असेल तर तिथे ते परत विरघळतं, म्हणून प्रोबचं कॅलिब्रेशन चुकवून चालत नाही.

गाळाचा हिशेब तर कोटेशनमध्ये कुणीच धरत नाही. चुन्याने १ किलो गंधकाम्लामागे पावणेदोन किलोपर्यंत जिप्सम होतं. ते फिल्टर प्रेसच्या कापडात घट्ट बसतं आणि घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात पाठवायचं झालं तर पैसे वजनावर मोजावे लागतात.

माझं मत: हायड्रोक्लोरिकचं पिकलिंग आणि एकच फिटर असेल तर कॉस्टिक. पाण्यात फ्लोराइड असेल तर चुनाच घ्या, नुसतं कॉस्टिक ते खाली बसवत नाही. अशा ठिकाणी भावात वाचलेल्या पैशातून आधी एक स्टँडबाय पंप घ्या.