मातीचा ओलावा दाखवणारा मीटर: बेळगावच्या एका पावसाळ्यातला अनुभव

गेल्या जुलैमध्ये आमच्या टिळकवाडीतील घराच्या व्हरांड्यात ठेवलेल्या मॉन्स्टेरा या शोभेच्या झाडाची खालची तीन पाने आठवडाभरात पिवळी पडली आणि चौथ्या पानावर पिवळ्या कडेचे काळपट, ओलसर डाग दिसू लागले. कुंडीतली वरची माती बोटाला कोरडी लागत होती, म्हणून मी पाणी वाढवले, तर झाड आणखी मलूल झाले. नेमके काय बिघडले आहे हे कळावे म्हणून मी सुमारे साडेतीनशे रुपयांचा एक मीटर ऑनलाइन मागवला. मातीचा ओलावा, सामू (पीएच, म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचे माप) आणि प्रकाश अशी तीन मापे तो बॅटरीशिवाय दाखवतो. हे मीटर अनेक नावांनी विकले जातात आणि त्यांची रचना जवळपास सारखीच असते, त्यामुळे येथे कंपनीचे नाव देण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

पहिल्याच दिवशी त्याचा मोठा उपयोग झाला, हे मोकळेपणाने सांगायला हवे. मीटरची सळई मातीत दोन इंच खोचली तेव्हा काटा ३ वर, म्हणजे कोरड्या पट्ट्यात होता. तीच सळई तळापर्यंत नेल्यावर काटा थेट ९ वर गेला. आमची प्लॅस्टिकची कुंडी शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेली होती आणि त्या बाहेरच्या कुंडीला तळाशी भोक नव्हते. निथळलेले पाणी तेथेच साचून राहत होते. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, हवा दमट असते, पानांमधून बाष्प फारसे बाहेर पडत नाही आणि झाडाची पाण्याची गरज एप्रिलच्या मानाने कितीतरी कमी होते. मी मात्र उन्हाळ्यातलेच वेळापत्रक चालू ठेवले होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि पाणी शोषण्याचे थांबवतात, म्हणूनच माती ओली असूनही झाड तहानल्यासारखे कोमेजते. हे दृश्य फसवे असते आणि बहुतेक घरांत अशा वेळी आणखी पाणी घातले जाते.

शेजारच्या काकू मूळच्या खानापूरच्या. मीटर पाहून त्या म्हणाल्या, ‘‘आधी कुंडी उचलून बघ की गं, जड लागते का हलकी ते.’’ कुंडी खरोखरच जड होती. झाड कुंडीतून बाहेर काढल्यावर आंबूस वास आला; निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात, ही तपकिरी व बुळबुळीत झाली होती आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल निघून आतला दोरा हाती येत होता. ही मूळकूज होती. मीटरने तळाशी पाणी साचले आहे एवढेच सांगितले होते, आजार ठरवण्यासाठी मुळेच पाहावी लागली. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून मी झाड कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांच्या भुसभुशीत मिश्रणात लावले, कारण मॉन्स्टेरा हा मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतला, मोठ्या झाडांवर चढणारा वेल आहे आणि त्याच्या मुळांना घट्ट माती मानवत नाही.

नेमक्या याच नव्या मिश्रणात मीटर चुकू लागला. पाणी घातल्यावर तासाभराने मी तपासले तेव्हा काटा २ वर होता. सालीच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या असतात, सळईला ओल्या कणांचा पुरता स्पर्श होत नाही आणि मापन कोरडे येते. मी त्यावर विसंबून पुन्हा पाणी घातले असते, तर नुकतीच वाचवलेली मुळे पुन्हा कुजली असती.

त्यानंतर मी तो वेगवेगळ्या मातींत तपासला. खानापूरकडच्या लाल मातीत तो समाधानकारक वाटला; पाणी घातल्यापासून आठवडाभर काटा रोज थोडा-थोडा खाली येत गेला. बैलहोंगलहून आणलेल्या काळ्या मातीत ओल असेपर्यंत तो ठीक चालला, परंतु माती वाळून तिला भेगा पडल्यावर सळई भेगेत गेली की काटा जागचा हलत नसे आणि दोन बोटे बाजूला खोचली की लगेच चढत असे.

याचे कारण उपकरणाच्या रचनेतच आहे. सळईवर दोन वेगवेगळ्या धातूंचे भाग असतात. ओल्या मातीशी संपर्क आला की त्यांच्यामध्ये अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि काटा हलतो. म्हणजे मीटर प्रत्यक्षात पाणी मोजत नाही, प्रवाह मोजतो, आणि क्षार वाढले की प्रवाहही वाढतो. द्रवात सळई बुडवू नये असे सोबतच्या कागदावर लिहिले होते, तरीही मी क्षणभर ती आरओच्या, म्हणजे बहुतेक क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात धरली. काटा मध्यापर्यंतही पोहोचला नाही. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवले आणि काटा शेवटच्या टोकाला गेला. ज्यांच्याकडे बोअरवेलचे जड पाणी येते किंवा जे दर पंधरा दिवसांनी रासायनिक खत घालतात, त्यांच्या कुंड्यांत क्षार साठत जातात आणि तेथे मीटर कोरडी मातीही ओली दाखवू शकतो.

सामू दाखवणारा भाग मला निरुपयोगी वाटला. लाल माती असो वा कोकोपीट, काटा सातच्या आसपासच राहिला. प्रकाशाचा भाग मात्र घरातल्या दोन जागांची तुलना करण्यापुरता उपयोगी आहे आणि त्याच्या आधारे मी झाड व्हरांड्याच्या कोपऱ्यातून पूर्वेच्या खिडकीशी हलवले. सळई मातीत कायम खोचून ठेवू नये, धातू गंजतो. मापन झाले की पुसून ठेवावी.

साध्या मातीच्या खोल कुंड्या असतील आणि वरून कोरडी दिसणारी माती तळाशी ओली आहे का एवढेच पाहायचे असेल, तर हा मीटर घ्यावा असे मी म्हणेन. ऑर्किड किंवा सालीच्या मिश्रणातल्या झाडांसाठी घेऊ नये. तेथे काकूंची पद्धत अधिक विश्वासार्ह आहे, शिवाय तिला खर्चही नाही.

यंदा मार्चमध्ये, हवा कोरडी झाल्यावर, त्याच मॉन्स्टेराच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आले. काटा ५ वर होता, कुंडी हलकी-जड दोन्ही नव्हती, मुळांबद्दल शंका घेण्यासारखे काही नव्हते. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटकले, तेव्हा कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके हळूहळू चालू लागले. ते लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, होते. पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुऊन, दर पाच दिवसांनी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केल्यावर तीन आठवड्यांनी कागद स्वच्छ राहिला.