पिकलबॉल की बॅडमिंटन? नव्याने रॅकेट हातात घेणाऱ्यांसाठी

१९६५ मध्ये अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या सपाट बॅटने छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू जाळ्यावरून मारण्याचा खेळ, सुरू केला, तो मुळात एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. त्यामुळे पिकलबॉलच्या कोर्टाचे माप आजही दुहेरी बॅडमिंटनच्या कोर्टाइतकेच, म्हणजे ४४ फूट बाय २० फूट आहे. फरक पडतो तो जाळ्याच्या उंचीमुळे. बॅडमिंटनचे जाळे मध्यभागी पाच फूट असते, तर पिकलबॉलचे केवळ ३४ इंच.

बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला टेकण्यापूर्वीच परतवावे लागते, आणि ते कोर्टाच्या मागच्या रेषेपासून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत उंच मारण्यासाठी खांदा, कोपर व मनगट यांचा मेळ बसावा लागतो. तो बसेपर्यंत नवख्याचे फूल अर्ध्या कोर्टातच पडते आणि समोरचा खेळाडू ते आरामात स्मॅश करतो. पिकलबॉलमध्ये चेंडू एकदा टप्पा घेऊ शकतो, पॅडलचा दांडा आखूड असल्यामुळे चेंडू हाताच्या जवळच लागतो आणि सर्व्हिस सहसा कमरेखालून, हात वर नेत करतात. शिवाय सर्व्हिसचा चेंडू आणि त्याची पहिली परतफेड, हे दोन्ही टप्पा पडल्यावरच मारावे लागत असल्याने सुरुवातीलाच कोणी जाळ्याशी धावून येऊन गुण मारून नेत नाही. म्हणूनच पहिल्याच दिवशी चार-सहा फटक्यांची देवाणघेवाण होते, हा पिकलबॉलचा खरा फायदा आहे.

मात्र तो सोपा खेळ आहे, असे जे सरसकट सांगितले जाते, ते मला अर्धवट वाटते. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा ‘किचन’ नावाचा पट्टा असतो. त्यात उभे राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू, मारता येत नाही. इतकेच नव्हे, तर बाहेरून व्हॉली मारल्यावर तोल जाऊन बुटाचे टोक जरी त्या रेषेवर टेकले, तरी फॉल्ट होतो. टप्पा पडलेला चेंडू मारण्यासाठी मात्र किचनमध्ये खुशाल जाता येते. नवखे खेळाडू नेमके इथे गोंधळतात आणि जोरात मारण्याच्या सवयीमुळे चेंडू बाहेर घालवतात. हलक्या हाताने चेंडू समोरच्या किचनमध्ये ठेवण्याचा ‘डिंक’ हा फटका जमायला बॅडमिंटनच्या ड्रॉपइतकाच संयम लागतो. दुहेरीत पारंपरिक पद्धतीने गुण मोजताना ‘शून्य-शून्य-दोन’ असे तीन आकडे पुकारले जातात (तिसरा आकडा सर्व्हिस करणाऱ्याचा क्रमांक), हेही अंगवळणी पडायला काही दिवस जातात.

खर्चाचा विचार केला, तर बॅडमिंटनची साधी रॅकेट स्वस्तात मिळते, परंतु पिसांची फुले एकेका सामन्यात खराब होतात. सुरुवातीला नायलॉनचे फूल घेणेच शहाणपणाचे. पिकलबॉलच्या पॅडलला तुलनेने अधिक पैसे पडतात, तरी छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू बराच काळ टिकतो. बूट दोन्हीकडे कोर्टवर खेळण्याचेच हवेत, धावण्याचे नकोत.

जागेच्या बाबतीत पिकलबॉलचे पारडे जड आहे, कारण वाऱ्यात फूल भरकटते आणि चेंडू त्यामानाने तग धरतो. पण त्या चेंडूचा टणटणाट मोठा असतो. सोसायटीच्या गच्चीवर रात्री दहा वाजता खेळण्याचा बेत असेल, तर आधी खालच्या मजल्यावरच्यांना विचारावे.

चाळिशी ओलांडलेल्या, बऱ्याच वर्षांत न खेळलेल्या किंवा घरातील दोन पिढ्यांनी एकत्र खेळावे असे वाटणाऱ्या व्यक्तीला मी पिकलबॉल सुचवीन, मात्र डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलटे धावू नये, वळून धावावे. पडण्याचे प्रसंग तिथेच येतात. शाळकरी मुलाला किंवा घाम गाळून व्यायाम हवा असणाऱ्याला बॅडमिंटनच द्यावे. हा खेळ १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि त्यासाठी प्रशिक्षकही आपल्याकडे तुलनेने सहज सापडतात. दोन्ही पर्याय खुले असतील, तर घराजवळच्या कोर्टावर रोज आपल्या तोडीचे तीन जण कोणत्या खेळाला येतात, ते आधी पाहावे आणि रॅकेट किंवा पॅडल त्यानंतर विकत घ्यावे.