न्यूट्रल स्विच बिघडला: नवा बसवायचा, वायर मोकळी सोडायची की अर्थ करायची?

डर्ट बाईकचा न्यूट्रल स्विच म्हणजे फक्त हिरव्या दिव्याचा स्विच, असं समजून तो बिघडला की पुष्कळ जण वायर अर्थ करून, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडून, टाकतात. तिन्ही पर्यायांत हाच सगळ्यात वाईट.

हा स्विच गिअरबॉक्समध्ये शिफ्ट ड्रमच्या (गिअर बदलताना फिरणाऱ्या दंडगोलाच्या) टोकाशी असतो. ड्रम न्यूट्रलला आला की आतली पिन टेकते आणि वायरला इंजिनच्या बॉडीची अर्थ मिळते. दिवा लागतो. सेल्फच्या बहुतेक गाड्यांत याच सिग्नलवर क्लच न दाबता सेल्फ लागतो. गिअरमध्ये असताना मात्र क्लच दाबलेला आणि साइड स्टँड वर असावा लागतो.

आता वायर कायमची अर्थ केली तर गाडीला प्रत्येक गिअर न्यूट्रलच वाटतो. पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारला की गाडी उडी मारते, आणि स्टँड खाली राहिला तरी इंजिन बंद पडत नाही. उतारावरच्या वळणात तो स्टँड जमिनीला अडकला तर माणूस फेकला जातो.

वायर मोकळी सोडली तर उलटं. दिवा कधीच लागत नाही, दर वेळी क्लच दाबूनच सेल्फ मारायचा, आणि स्टँडवर उभी करून इंजिन गरम करता येत नाही. त्रास आहे, धोका नाही. ट्रेलवरून घरी परतायला हे चालतं. टोकाला टेप तेवढी घट्ट गुंडाळा.

रस्त्यावरही चालवत असाल तर नवाच घ्या. पण आधी तपासा. स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. दिवा लागला तर दोष स्विचचा, नाही लागला तर बल्बचा किंवा वायरचा. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर ती कुठंतरी घासून बॉडीला लागली आहे. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे, चिखल आणि चेनच्या तेलात, आधी पाहा. मल्टिमीटर असेल तर स्विचचं टोक आणि बॉडी यांत न्यूट्रलला जवळपास ० ओहम, गिअरमध्ये काहीच जोड नाही, असं दिसायला हवं.

बदलताना गाडी स्विचच्या विरुद्ध बाजूला झुकवा, म्हणजे तेल कमी सांडतं. वॉशर किंवा ओ-रिंग नवीच टाका. केस अॅल्युमिनियमची असते, आटे पटकन जातात. म्हणून टॉर्क (किती जोराने आवळायचं तो आकडा) मॅन्युअलमधूनच घ्या.

फक्त ट्रॅकवरची, किकची, स्टँड नसलेली गाडी असेल तर स्विच काढून त्याच आट्यांचा ब्लँक प्लग (भोक बंद करणारा साधा बोल्ट) लावणं पुरेसं.

सुझुकी डीआर६५० असेल तर वेगळी काळजी. तिचा स्विच उजवीकडे, क्लचमागे आहे. त्याचे दोन स्क्रू ढिले होऊन इंजिनात पडल्याच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत. क्लच उघडलाच असेल तर ते थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून किंवा सेफ्टी वायरने पक्के करा.