पुठ्ठा की बाल्सा? नाशकात पहिलं विमान करताना

ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून आधी मिग लढाऊ विमानं निघायची, मग सुखोई निघाली. त्यामुळे नाशकातल्या पोरांना विमानाचं अप्रूप नसलं, तरी "आपण करू या का?" हा प्रश्न दर सुट्टीत येतो. आणि घरातला मोठा माणूस विचारतो, खोक्याचा पुठ्ठा चालेल की बाल्सा, म्हणजे ते एकदम हलकं लाकूड, मागवू?

आधी वजन बघू. हातानं फेकायचा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, धरा, पंख ४५ सेंटिमीटर लांब आणि १० रुंद. दीड मिलिमीटरच्या मध्यम बाल्साचा पंख ११ ग्रॅमच्या आत बसतो. थ्री-प्लाय पुठ्ठ्याचा (दोन कागदांमध्ये नळ्यांचा थर असलेला) केला तर वीस-बावीस ग्रॅम. पंख तेवढाच ठेवून अख्ख्या विमानाचं वजन दुप्पट झालं, की हवेत टिकायला साधारण ४० टक्के जास्त वेग लागतो. म्हणून बाल्साचं विमान रेंगाळत उतरतं, पुठ्ठ्याचं सुसाट जातं आणि तसंच आपटतं.

खरी गोची शेपटीत आहे. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर साधावा लागतो, आपल्या पंखात अडीच ते सव्वातीन सेंटिमीटरवर. शेपटी तिथून लांब, नाक जवळ. त्यामुळे शेपटीतल्या एका जादा ग्रॅमसाठी नाकाला दोन-तीन ग्रॅम माती थापावी लागते. पुठ्ठ्याची शेपटी असं दोनदा वजन वाढवते. माझ्या पहिल्या विमानाच्या नाकात पाचची दोन नाणी होती, तरी ते शेपटीवरच बसायचं.

पुठ्ठ्याची बाजू भक्कम आहे ती फुकटेपणामुळे. द्राक्षाच्या हंगामात रिकाम्या पेट्यांना इथे तोटा नाही. न चेपलेली पेटी निवडा आणि आतल्या नळ्या पंखाच्या लांबीच्या दिशेनं ठेवा. मी आडव्या ठेवल्या होत्या, पहिल्याच फेकीत पंखांनी वर हात जोडून नमस्कार केला. संक्रांतीच्या फाटक्या पतंगाची कामटी पंखाखाली चिकटवली तर आणखी बळ येतं. येवल्याच्या माणसाला हे सांगायला नको.

बाल्सा नाजूक म्हणून लोक घाबरतात. पण पुठ्ठ्याला एकदा घडी पडली की ताठपणा गेला, तो पंख टाकूनच द्यायचा. बाल्सा मोडतो तो सरळ, फेव्हिक्विकचे दोन थेंब सोडले की पाच मिनिटांत विमान पुन्हा हवेत. तो लाकडाच्या रेषांच्या बाजूनं चटकन चिरतो, त्यामुळे ब्लेड नवं हवं आणि रेषा पंखाच्या लांबीत हव्यात. फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं पातळ बाल्सा वाकडा होतो, तो बेतानं लावा. फेव्हिक्विक मात्र मुलांच्या हाती देऊ नका. पावसाळ्यात दोन्ही रुसतात, पुठ्ठा जास्त.

मुलगा दहाच्या आतला असेल तर बिनधास्त पुठ्ठा घ्या. दोन-तीन विमानं आंब्यावर अडकणार, एखादं कुणाच्या गच्चीवर जाणार. त्यात बाल्साचे पैसे का घालवायचे?

पण पोरगं "हे नीट का उडत नाही?" असं विचारायला लागलं असेल, तर मी मिश्रण करीन: अंग पुठ्ठ्याचं, पंख आणि शेपटी बाल्साची. आपटतं ते नाक, तिथे पुठ्ठा मार सोसतो. १० सेंटिमीटर रुंद, मीटरभर लांब बाल्साच्या एका शीटमध्ये पंख, शेपटी आणि एक चूक एवढं निघतं. मी तरी ते ऑनलाइनच मागवतो. पाकीट येताच कोपरे तपासतो.

उडवायला सकाळी साडेसहाला जा, वारा सुटायच्या आत आणि क्रिकेटवाले यायच्या आधी. पुढे रिमोटचं विमान मनात असेल तर ओझरचा विमानतळ आणि देवळालीचं लष्करी क्षेत्र ध्यानात घेऊन आधी नियम बघा. हातानं फेकायच्या ग्लायडरला फक्त मोकळं मैदान लागतं.