ठाणे कोर्ट नाक्यावरचं वकिलीचं ऑफिस : पाचपैकी चार तारे

एक तारा जिन्यासाठी कापला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे वेल्डिंगवाल्याचे.

माझं रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. घणसोलीच्या एका टॉवरला रेलिंग बसवली. मुख्य कंत्राटदाराने ११ लाख ४० हजार अडकवले. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. मी वकीलबाईंना पहिल्यांदा विचारलं, "बिल्डिंगवर बोजा चढवता येईल का?" भाचा फ्लोरिडात बांधकामात आहे. तिकडे म्हणे बिल थकलं की ठेकेदार त्या मिळकतीवर लिएन, म्हणजे थकबाकीचा बोजा, नोंदवतो. मग मालक बाँड, म्हणजे पैशांची हमी, भरून जागा मोकळी करतो आणि लिएन त्या बाँडवर जातो. पण लिएन नोंदवल्यापासून वर्षभरात दावा लावला नाही, तर बाँडवरचा हक्कही गेला.

बाई म्हणाल्या, "आपल्याकडे तसं नाही. माल तुमच्या ताब्यात असेपर्यंत अडवता आला असता. भिंतीत बसला, विषय संपला." फी घेण्याआधीच हे सांगितलं, म्हणून पटल्या.

करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादापुढे सोडवायचा. म्हणून लवाद कायद्याच्या कलम ९ खाली, निकाल लागेपर्यंत पैसे सुरक्षित राहावेत यासाठी, जिल्हा कोर्टात अर्ज केला. समोरच्याचं बँक खातं गोठलं. ते मोकळं करायला त्याने कोर्टात तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी, म्हणजे बँकेची हमी, भरली. मी खूश, पेढे घेऊन गेलो. तिथली ज्युनियर मुलगी म्हणाली, "काका, पेढे ठेवा, आधी तारीख बघा." भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल गोल. खातं गोठवणाऱ्या अंतरिम आदेशापासून ९० दिवसांत लवाद सुरू व्हायला हवा, कोर्टाने मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी. आणि लवाद सुरू झाला असं धरतात ते वाद लवादाकडे नेत असल्याची नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी, आपण पोस्टात टाकतो त्या दिवशी नाही. मला वाटत होतं, गॅरंटी आली म्हणजे पैसे आलेच.

तिने पंधराव्या दिवशीच नोटीस काढली. पाकीट 'घर बंद' शेरा मारून परत आलं. दुसरं पाठवलं, ईमेलही केला. पोचपावती आली तेव्हा पन्नासावा दिवस होता. मी माझ्या सवयीने शेवटच्या आठवड्यात धावलो असतो, तर समोरचा आदेश उठवायला अर्ज घेऊन उभाच असता.

गॅरंटीची स्वतःची मुदत वेगळीच, आमची वर्षाची. ती संपायच्या दीड महिना आधी ऑफिसातूनच फोन आला आणि नूतनीकरणासाठी कोर्टात अर्जही लागला. मी विसरलो होतो, खोटं कशाला बोलू.

तक्रारी आहेत. झेरॉक्सचा पान न् पानाचा हिशोब लावतात. व्हॉट्सॲपवर उत्तर रात्री अकराला. फी तारखेगणिक, एकरकमी ठरवायला तयार नाहीत. लवाद अजून चालू आहे, पैसे हातात आलेले नाहीत.

जाणार असाल तर करार, मोजमाप वही आणि सही-शिक्क्याची बिलं सोबत न्या. माझी दोन बिलं विनासहीची होती, त्यावरून बाईंनी अर्धा तास झापलं. आणि संध्याकाळी सहानंतर जा, दुपारी त्या कोर्टात असतात.